नलवडे साहेबांच्या मिशीची वॉरंटी

सांगवीतल्या आमच्या मधुबन सोसायटीत भीमराज नलवडे यांच्या घरी तुम्ही कधी चहाला गेलात, तर कप उचलण्याआधी त्याचा कान बघून घ्या. कानाला लाल चिठ्ठी बांधलेली असेल तर तो कप बाद झालेला आहे, फक्त अजून फेकलेला नाही. नलवडे साहेबांनी बत्तीस वर्षं महाळुंग्याच्या एका गिअर कारखान्यात क्वालिटी खात्यात काढली. तिथे नापास मालाला लाल चिठ्ठी लागते. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि लाल चिठ्ठी गळक्या नळाला, कुरकुरणाऱ्या दाराला, शिटी न देणाऱ्या कुकरला लागत गेली. मुलीला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या खुर्चीखालीही एक लाल चिठ्ठी सापडली होती. ती वाऱ्याने उडून आली, असं साहेब आजही सांगतात.

माणूस सरळ. कोरेगावकडचा, उंच, बोलणं मोजकं आणि मिशी मात्र घरभर. मिशीची दोन्ही टोकं सारखी आहेत की नाहीत हे ते सूक्ष्ममापी लावून बघतात, अशी कारखान्यात बोलवा होती. ती खोटी होती. ते साधी स्टीलची पट्टी वापरत.

कारखान्यात त्यांच्या पाट्या प्रसिद्ध होत्या. ‘मशीनवर डबा ठेवू नये.’ ‘मापे घेताना गप्पा मारू नयेत.’ ‘खंडेनवमीच्या पूजेत मशीनवर फक्त फुले वाहावीत.’ प्रत्येक पाटीखाली त्यांची सही आणि तारीख. साहेब जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी सांगितलं की साहेब गेले तरी पाट्या राहतील. साहेबांना ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

मग ऑक्टोबर आला आणि खंडेनवमी आली. आपल्या या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. मशीन धुऊनपुसून लख्ख, प्रत्येकाला झेंडूची माळ, साहेबापासून हेल्परपर्यंत सगळ्यांच्या कपाळाला गंध. नलवडे साहेब बत्तीस वर्षं या पूजेला पुढे उभे राहिलेले. त्या दिवशी सकाळी सहा वाजताच ते आंघोळ करून, टोपी घालून तयार झाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुठेच जायचं नाहीये. माणूस कधी बोलला नाही, पण त्या सकाळी त्याला गलबलून आलं होतं. साधनाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून हाक मारली, “अहो, खाली गाडी आहे ना आपली? तिची करा पूजा. तीही मशीनच आहे.”

झालं! बत्तीस वर्षांची पूजा एका गाडीवर कोसळली. गाडी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. साहेबांचा डावा गुडघा गेलेला आणि साधनाताईंना पन्नाशीनंतर गाडी शिकायची होती, म्हणून ऑटोमॅटिक. ताई शिकल्याही. रोज सकाळी सात वाजता कासारवाडीला बायकांचा योगाचा वर्ग घ्यायला त्या स्वतः गाडी काढून जायच्या, आणि हे सांगताना साहेबांची मिशी एक सूत वर जायची.

तर त्या दिवशी बॉनेटला माळ, स्टिअरिंगला कुंकू, चारी चाकांखाली चार लिंबं. शेवटी साहेब आत बसले आणि त्यांची नजर गिअरच्या दांड्यावर पडली. ज्या गिअरने आपल्याला सांगवीत घर दिलं, पोरीचं लग्न लावून दिलं, त्या गिअरला नुसतं फूल? त्यांनी वाटी मागवली आणि दांड्याला पळीपळीने पंचामृताचा अभिषेक केला. अकरा पळ्या. डोळे मिटून. पार्किंगमध्ये बघ्यांची गर्दी जमली होती आणि क्वालिटीचा माणूस करतोय म्हणजे ती बरोबरच पद्धत असणार, अशा भक्तिभावाने सगळे बघत होते. सोसायटीचे चेअरमन यशवंतराव ढोरे यांनी तर हात जोडले आणि उरलेलं पंचामृत वाटीसकट मागून नेलं.

आठ-दहा दिवसांनी साधनाताई म्हणाल्या, “अहो, गाडीत मुंग्या झाल्यात.”

“मुंग्या होतातच,” साहेब पेपरातून म्हणाले.

“आणि आंबूस वास येतोय.”

साहेबांनी चंदनाच्या वासाची डबी आणून आरशाला टांगली आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

नोव्हेंबर लागला, नदीकडून सकाळचा गारठा येऊ लागला, आणि एके दिवशी पावणेसातला ताईंनी गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, दांडा ओढला. दांडा ‘पी’वर बसला होता तो बसलाच. ‘पी’ म्हणजे पार्किंग. दांडा तिथून खाली ‘डी’वर आला की गाडी पुढे जाते, एवढी साधी गोष्ट. ताईंनी ओढला, साहेबांनी ओढला, वॉचमनने मारुतीचं नाव घेऊन ओढला. ताई रिक्षाने कासारवाडीला गेल्या. अकरा वाजता साहेबांनी सहज हात लावला तर दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला.

साहेब तडक चाकणच्या वर्कशॉपला गेले. तिथे करिष्मा नावाची मुलगी गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. लातूरची, हसरी, आणि दिवसभर चिडलेल्या माणसांशी बोलूनही न चिडणारी. तिने मेकॅनिकला गाडीत बसवलं. त्याने पन्नास वेळा ‘पी’ आणि ‘डी’ केलं. काही नाही.

“काका, बिघाड आढळला नाही, असं लिहिते,” ती म्हणाली.

हे वाक्य नलवडे साहेबांच्या काळजात रुतलं. बत्तीस वर्षं हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा पुन्हा अडकला. साहेब ऊन वर आल्यावर पुन्हा चाकणला, आणि तिथे पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा तेच. गाडीची वॉरंटी तीस नोव्हेंबरला संपत होती आणि साहेबांची खात्री पटत चालली की कंपनी मुद्दाम दिवस ढकलते आहे. त्यांनी फाइल उघडली. कारखान्याच्या पद्धतीने ‘असं का झालं’ हा प्रश्न पाच वेळा विचारून पाच उत्तरं लिहिली. मग माशाच्या काट्यासारखी ती आकृती काढली, ज्यात डोक्याशी बिघाड आणि एकेका काट्यावर एकेक संशय.

“घरात कधी बोंबील आणू देत नाही,” ताई म्हणाल्या, “आणि कागदावर काटे काढत बसता. मी म्हणते, मुंग्या तिथूनच निघतात. दांड्याच्या बुडातून. बघा तरी.”

“मुंग्यांचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध, साधना?” साहेब म्हणाले. तरी नोंद करायची शिस्त म्हणून त्यांनी पान अकरावर ‘असंबद्ध निरीक्षणे’ या मथळ्याखाली लिहिलं: पत्नीच्या म्हणण्यानुसार मुंग्या.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. विषय होता पाण्याच्या टाकीचा, पण यशवंतरावांना राहवेना. नलवड्यांची गाडी रोज सकाळी अडते हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

“साहेब, गाडी आमचीबी ऑटोमॅटिक हाय,” यशवंतराव म्हणाले. ते सांगवीतले जुने रहिवासी, शेताची सोसायटी झाली तरी बोली शेतातलीच. “आमची कशी पाण्यावानी चालती? गाडीला हात लावायचीबी कला लागती राव!”

सगळे हसले. साहेब उभे राहिले. राग आला की त्यांचा आवाज बारीक होतो, तसा तो झाला.

“गिअरबॉक्समध्ये कारखान्यातून आलेला दोष आहे. मी गिअर ओळखतो. तीस तारखेच्या आत कंपनीकडून वॉरंटीत बदलून आणला नाही, तर ही मिशी उतरवून ठेवीन.”

टाकीचा विषय राहूनच गेला. यशवंतरावांनी मात्र तारीख लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते भाजी आणायला पिशवी घेऊन चालत जाऊ लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणाले. येता-जाता साहेबांच्या मिशीकडे मात्र न चुकता बघायचे.

आता पुढचे पंधरा दिवस त्या वर्कशॉपवर काय वेळ आली ते करिष्मालाच विचारा. साहेब रोज जायचे. त्यांची फाइल बेचाळीस पानांची झाली. अडकलेल्या दांड्याचे सव्वीस व्हिडिओ झाले, प्रत्येकात सुरुवातीला साहेब तारीख आणि तापमान सांगतात आणि मागे ताईंचा आवाज येतो, “मुंग्या दाखवा, मुंग्या.” मिशीची पैज वर्कशॉपभर झाली होती. डेंट काढणारी पोरंसुद्धा विचारायची, “काय साहेब, किती दिवस राहिले?”

शेवटी कंपनीचं वरचं ऑफिस शरण आलं. सत्तावीस तारखेला करिष्माचा फोन आला, “काका, मंजुरी आली! दांडा, खालची यंत्रणा, सगळं वॉरंटीत नवीन. आज रात्री गाडी इथंच सोडा. उद्या सकाळी अडकलेली बघून आमचे अर्जुनराव खोलतील.”

साहेबांनी मिशीला तेल लावलं.

अठ्ठावीसच्या सकाळी साडेआठला ते वर्कशॉपमध्ये पोचले, तेव्हा अर्जुनराव त्यांची वाटच पाहत होते. अर्जुनराव म्हणजे तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, चाकणच्याच शिवारातले. परवापर्यंत ते पुतणीच्या लग्नात गुंतले होते, नाहीतर ही गोष्ट इतकी लांबलीच नसती. त्यांनी दांड्याभोवतीचं काळं कव्हर उचलून ठेवलं होतं.

“साहेब, जरा हितं या. वाकून बगा.”

साहेब वाकले. दांड्याच्या बुडाशी बोटभर उंचीचा पिवळट थर गोठला होता. त्यात दोन तुळशीची पानं होती आणि मुंग्यांची एक शिस्तीची रांग कामावर चालली होती. अर्जुनरावांनी थराला बोट लावलं, हुंगलं, आणि साहेब नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावलं.

“पंचामृत हाय,” ते म्हणाले. “मध हाय, तूप हाय. दही लई आंबलंय. केळं घातलं व्हतं का?”

“पंचामृतात केळं नसतं,” साहेब सवयीने म्हणाले, आणि मग खुर्ची शोधून खाली बसले.

अर्जुनराव शांतपणे सांगत राहिले. दांड्याखाली एक छोटी कडी असते. ब्रेक दाबला की ती बाजूला होते. सकाळच्या गारठ्यात तूप थिजतं, मध घट्ट होतो, कडी चिकटून बसते. ऊन वर आलं की दोन्ही पातळ. “म्हून दुपारी तुमची गाडी हितं गुणाची. गिअर झ्याक हाय साहेब. काखंत कळसा अन् गावाला वळसा झाला बगा.”

साहेबांनी फाइल उघडली. पाच प्रश्न, पाच उत्तरं, सगळी सुबक अक्षरात आणि सगळी चूक. माशाच्या काट्यावर चोवीस संशय, त्यात देव एकही नाही. पान अकरावर मात्र खरं कारण तीन आठवडे बसून होतं, असंबद्ध म्हणून. आणि मग त्यांना ती पाटी आठवली. पूजेत मशीनवर फक्त फुले वाहावीत. नारळाचं पाणी सांडून एक मशीन चार दिवस बंद पडलं होतं, तेव्हा लावलेली. लावताना ते त्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर म्हणाले होते, “देव मशीनमध्ये असतो, पण त्याला भूक लागत नाही.” हे वाक्य आठवून साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अर्जुनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “साहेब, आपुन दोगंच हाय. मंजुरी तर आलीया. म्या कव्हर लावतो, फडकं मारतो. तुमी फॉर्मवर सही ठोका. नवा पार्ट गाडीत, मिशी तोंडावर. कुनाला काय कळतंय?”

फॉर्म समोरच होता. ‘कारण: उत्पादनातील दोष’ असं छापून आलं होतं, खाली सहीची रेघ. साहेबांनी पेन काढलं. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, त्यांनी सही करायला हात टेकवलाही होता. एकतीस वर्षांची मिशी होती ती. यशवंतराव पिशवी घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभे असलेले त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

“काढलेला पार्ट कुठे जातो?” त्यांनी विचारलं.

“परत जातो की. कंपनीत, अन् कंपनीतून ज्यानं बनवला त्याच्याकडं.”

हे साहेबांना ठाऊक नव्हतं थोडंच? असे पार्ट बत्तीस वर्षं त्यांच्याच टेबलावर येऊन पडले होते. गिऱ्हाइकाने हातोडीने ठोकलेला एक गिअर एकदा ‘उत्पादनातील दोष’ म्हणून परत आला होता आणि त्याचं उत्तर लिहिताना साहेबांनी आठ दिवस घरचं जेवण गरम पाहिलं नव्हतं. आता हा पार्टही असाच महाळुंग्यात नाहीतर भोसरीत कुठल्यातरी टेबलावर जाणार. तिथला क्वालिटीवाला तो उलटासुलटा करणार, पाच वेळा ‘का’ विचारणार, काटे काढणार, वरिष्ठांच्या शिव्या खाणार. त्याने काहीही केलेलं नसताना. त्या न पाहिलेल्या माणसाची त्यांना एकदम फार दया आली आणि स्वतःचा फार राग आला.

त्यांनी छापील ओळ पट्टी लावून खोडली आणि वर आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘मूळ कारण: मालकाने केलेला अभिषेक. पार्ट निर्दोष.’ खाली सही, तारीख.

करिष्माने ते दोनदा वाचलं. “काका, असं लिहिलं तर कंपनी नवीन देणार नाही.”

“देऊ नये.”

“आणि मिशी?”

पलीकडे डेंट ठोकणाऱ्या पोरांचे हात थांबले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अर्जुनराव उठले, चहाच्या टपरीवरून तांब्याभर गरम पाणी आणि कुठूनसा एक जुना टूथब्रश घेऊन आले, आणि वीस मिनिटांत कडी घासून काढली. दांडा टकटक करत ‘पी’वरून ‘डी’वर येऊ लागला. पैसे घ्या म्हटल्यावर म्हणाले, “परसादाचं पैसं घेत्यात व्हय?”

कासारवाडीच्या सलूनमध्ये न्हाव्याने तीन वेळा विचारलं, नक्की ना. तिसऱ्या वेळी साहेबांनी डोळे मिटले.

घरी ताईंनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. लग्नानंतर त्यांनी हा ओठ पाहिलेला नव्हता. साहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाटीसकट, पान अकरासकट. ताईंना आधी हसू आवरेना, पदर तोंडात गेला, आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मुंग्यांचं तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस,” साहेब म्हणाले. “मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

एवढं स्पष्ट वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. ताईंनी चहा ठेवला आणि लाल चिठ्ठीचा कप स्वतःसाठी घेतला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला दोघं खाली उतरले. ताईंनी ब्रेक दाबला, दांडा ओढला, आणि ‘डी’ लागला. तेवढ्यात पिशवी घेऊन यशवंतराव समोर आले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि नमस्कार केला.

“रामराम. साहेबांचं भाऊ का तुमी? कोरेगावचं?”

“भाऊ नाही, मीच,” साहेब म्हणाले. “गिअरमध्ये दोष नव्हता, यशवंतराव. मी ओतलेलं पंचामृत आत गेलं होतं. ते थंडीत थिजून दांडा अडत होता. चूक माझी होती, म्हणून मिशी काढली.”

आता यशवंतराव हसणार, सोसायटीला हाका मारणार, म्हणून साहेब मान ताठ करून उभे राहिले. पण यशवंतराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरत उतरत पिशवीपर्यंत आला. त्यांनी मागे वळून बायको गॅलरीत नाही ना ते पाहिलं.

“पंचामृत म्हंता?”

“हो.”

“थंडीत थिजतं?”

“तूप आणि मध. मुंग्याही होतात.”

यशवंतराव जवळ आले. “साहेब, कुनाला सांगू नका. त्या मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी आमची गाडी अडली. तवाधरनं मी चालतच फिरतोय. डॉक्टर-बिक्टर काय न्हाई. तुमचं बगून वाटीभर समदं आमीबी ओतलं व्हतं. क्वालिटीचा माणूस करतोय म्हनल्यावर!”

ताईंनी गाडीतून हे सगळं ऐकलं. त्यांनी काच वर केली आणि गाडी फाटकाबाहेर काढली, कारण त्यांना कुणासमोर हसायचं नव्हतं.

साहेबांनी ओठावरून बोट फिरवलं. वरचा ओठ गार लागत होता. मग ते म्हणाले, “यशवंतराव, तांब्याभर पाणी गरम करायला सांगा घरात. आणि एक जुना टूथब्रश आणा.”

“अन् माझी मिशी?” यशवंतरावांनी घाबरून विचारलं. त्यांची लहानशी होती, पण होती.

“तुम्ही पैज लावली नव्हती,” साहेब म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्या गाडीकडे चालू लागले.